'ट्रम्बो'च्या मागची काळी यादी

जे रोच यांचा 'ट्रम्बो' (२०१५) पाहताना सगळं लक्ष बाथटबमध्ये बसून टाइपरायटर बडवणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनवर खिळतं. पण तो साकारतो त्या पटकथाकार डाल्टन ट्रम्बोंवरच्या संकटाची मुळं हॉलीवूडच्या कामगार चळवळीत आहेत, आणि चित्रपट तिकडे फारसा फिरकत नाही. १९३३ मध्ये पटकथाकारांची संघटना उभी राहिली, तेव्हापासूनच ती स्टुडिओमालकांच्या डोळ्यांत सलत होती. १९४५ च्या संपात वॉर्नर ब्रदर्सच्या फाटकावर हाणामारी झाली. पुढच्या जुलैमध्ये 'हॉलीवूड रिपोर्टर'च्या मालकाने आपल्या स्तंभात कम्युनिस्ट म्हणून लेखकांची नावंच छापली. त्यात ट्रम्बोही होते. १९४३ पासून ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, आणि हॉलीवूडच्या सर्वांत महागड्या लेखकांत त्यांची गणना होत होती.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या, कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या समितीने त्यांना वॉशिंग्टनला बोलावलं. (इथे हटकून कम्युनिस्टविरोधी मोहिमेसाठी गाजलेल्या मॅकार्थींचं नाव घेतलं जातं. ते सिनेटर होते, आणि त्यांचा गाजावाजा सुरू झाला १९५० मध्ये.) तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का? ट्रम्बोंसह दहा जणांनी या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क पाचव्या घटनादुरुस्तीत होता, पण त्याच्या आडोशाला न जाता त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पहिल्या दुरुस्तीवर भिस्त ठेवली. सर्वोच्च न्यायालय आपल्या बाजूने उभं राहील, असा त्यांचा हिशेब होता. १९४९ च्या उन्हाळ्यात मर्फी आणि रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायमूर्ती वारले आणि तो हिशेब फिसकटला. वर्षभरात न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. प्रतिनिधिगृहाच्या अवमानाबद्दल ट्रम्बोंनी केंटकीच्या अ‍ॅशलंड तुरुंगात सुमारे दहा महिने काढले. गंमत म्हणजे समितीचे अध्यक्ष पार्नेल थॉमस हेही तोवर पगाराच्या घोटाळ्यात गजाआड गेले होते. डॅनबरीच्या तुरुंगात त्या दहांपैकी दोघे त्यांचे सहकैदी!

काळी यादी मात्र सरकारने काढलेली नव्हती. २४ नोव्हेंबर १९४७ ला प्रतिनिधिगृहाने या दहांवर अवमानाचा ठपका ठेवला आणि दुसऱ्या दिवशी निर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या बैठकीतून निवेदन काढलं: यांना काम देणार नाही. भीती धंद्याचीच होती. ती पोखरलीही धंद्यानेच. चांगली पटकथा स्वस्तात मिळते म्हटल्यावर किंग ब्रदर्ससारखे छोटे निर्माते ट्रम्बोंकडे येऊ लागले. नाव एकाचं, लेखणी दुसऱ्याची. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर इयन मॅक्लेलन हंटर यांच्या नावावर गेलं. १९५७ मध्ये 'द ब्रेव्ह वन'साठी 'रॉबर्ट रिच' हे नाव पुकारलं गेलं, पण लेखक काही मंचावर आला नाही. खरा रिच किंग बंधूंच्या नात्यातला होता आणि त्याने त्या कथेतली ओळही लिहिली नव्हती.

बांध फोडण्याचं श्रेय बहुतेक वेळा 'स्पार्टाकस'च्या कर्क डग्लसना मिळतं. पण 'एक्झोडस'चे लेखक ट्रम्बो आहेत, हे ऑटो प्रेमिंजर यांनी जानेवारी १९६० मध्येच जाहीर केलं होतं. 'स्पार्टाकस' पडद्यावर आला ऑक्टोबरमध्ये. 'ट्रम्बो' चित्रपटातला आर्लन हर्ड तर खराखुरा माणूसच नाही. अनेक बहिष्कृत लेखक मिसळून ते पात्र बेतलं आहे.

'द ब्रेव्ह वन'ची ऑस्करची बाहुली ट्रम्बोंच्या हाती १९७५ मध्ये पडली, मृत्यूच्या वर्षभर आधी. 'रोमन हॉलिडे'ची १९९३ मध्ये त्यांच्या पत्नी क्लिओ यांना मिळाली. त्याच्या पटकथेच्या श्रेयात लेखक संघटनेने ट्रम्बोंचं नाव घातलं, ते डिसेंबर २०११ मध्ये.