'कर्टेल'मध्ये शेपूट घुसलं कुठून?

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांत एक युक्ती वर्षानुवर्षं फिरते: इंग्रजी 'कर्टेल' (curtail, कपात करणे) म्हणजे 'कट' अधिक 'टेल', शेपूट कापणे. पाठ करायला झकास, पण व्युत्पत्ती चुकीची. मूळ शब्द 'कर्टल', १६व्या शतकात फ्रेंचमधून आलेला. त्याच्या मुळाशी लॅटिन 'कर्टस', म्हणजे आखूड. शेपूट छाटलेल्या घोड्याला कर्टल म्हणत, म्हणून लोकांना त्यात 'टेल' ऐकू आलं आणि स्पेलिंगच बदललं. (शेपूट होतं, पण घोड्याचं!)

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. कर्टेल म्हणजे बंद नव्हे, कपात. 'वॉटर सप्लाय कर्टेल्ड' अशी सूचना आली तर गंगापूर धरणाचं पाणी येणारच, फक्त कमी. रद्दला 'कॅन्सल' आहे. खर्च, रजा, अधिकार कर्टेल होतात, डोक्यावरचे केस नाहीत.