सीडरच्याच पट्ट्या का? घरी बांधायच्या कनूच्या लाकडाची पार्श्वभूमी

लाकडाच्या पट्ट्यांची कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, घरी बांधायची म्हटलं की लाकडाबद्दल बहुतेक जण एकच नाव सांगतात: वेस्टर्न रेड सीडर. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही. गोष्ट खरी आहे, पण आजच्या कनूत लाकडाला पाणी लागतंच कुठे? ते कारण जुन्या होड्यांचं आहे, नव्या होडीला चिकटून राहिलंय.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत अनिशिनाबे, पेनॉब्स्कॉट वगैरे मूळ रहिवाशांच्या कनूला बाहेरून बर्चची साल असे. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. शिवण स्प्रूसच्या मुळ्यांची, सांध्यांना झाडाचा चीक. आत पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या आणि गरम पाण्याने नरम करून वाकवलेल्या फासळ्या. पाणी अडवायचं काम सालीचं; सीडर घेतलं ते हलकं, सरळ फाटणारं आणि वाकवलं तरी न मोडणारं म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या पीटरबरोच्या आसपास कनूवरची बर्चची साल गेली आणि पाणी अडवायची जबाबदारी लाकडावरच आली. तिथल्या जॉन स्टीफन्सन यांनी १८७९ मध्ये पेटंट घेतलं ते खाच-जिभेने (एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून) जोडलेल्या, या काठापासून त्या काठापर्यंत जाणाऱ्या सीडरच्या आडव्या पट्ट्यांच्या कनूचं. पुढे उभ्या, म्हणजे होडीच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्यांच्या कनूही निघाल्या, आत जवळजवळ बसवलेल्या बारीक फासळ्या आणि तांब्याचे बारीक खिळे. सांधा इतका नेमका बसवायचा की लाकूड भिजून फुगलं की फट बुजावी. उन्हात वाळलेली अशी कनू पाण्यात टाकली की सुरुवातीला थोडी गळायचीच. न कुजण्याचं मोल या होडीत होतं. शेजारच्या अमेरिकेत मेन राज्यातल्या कारागिरांनी दुसरी वाट धरली आणि सीडरच्या फळ्यांवर रंग दिलेलं कॅनव्हास ताणलं.

मग आलं फायबरग्लास. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या शर्यतीच्या नावाड्यांना हलकी, लांबलचक आणि दरवर्षी आकार बदलता येईल अशी कनू हवी होती. त्यांनी पाव इंच जाडीच्या पट्ट्या साच्यांवर कडेला कड चिकटवल्या आणि आतून-बाहेरून काचेचं कापड व रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्राव) चढवलं. फासळ्या गेल्या, खिळे गेले. सुरुवातीचं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नसे, थर सुटायचे. एपॉक्सी हे जास्त घट्ट धरणारं रेझिन रुळल्यावर ते दुखणं संपलं. माझ्या मते कनूच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच. ताकद आणि पाणीबंदी दोन्ही काचेकडे गेली, लाकूड उरलं ते दोन कातड्यांमधला हलका गाभा म्हणून.

गाभ्याला लागतं वजनाला कमी, बिनगाठीचं, सरळ रेषांचं आणि लांब लाकूड. पूर्वेचा पांढरा सीडर इथे मागे पडला. झाड लहान, गाठी फार. पॅसिफिक किनाऱ्याचा रेड सीडर मात्र प्रचंड वाढतो, तिथले मूळ रहिवासी हैदा लोक त्याच्या एकेका खोडातून अख्खी होडी कोरत. शिवाय घरांच्या बाह्यभिंतींसाठी आणि कुंपणासाठी तो लांब फळ्यांत वखारीत मिळायचाच. वजन घनमीटरला साधारण ३७० किलो. आपलं सागवान ६५० च्या आसपास. म्हणजे सागवानी पट्ट्यांची कनू होईल देखणी, पण खांद्यावर घेताना कळेल. रेडवुड, पाइन, स्प्रूस, बासवुड यांच्याही कनू झाल्या आहेत आणि त्या तरंगतात.

वरच्या कडांचं गणित वेगळं. त्यांवर काच नसते आणि धक्के त्यांनाच बसतात, म्हणून तिथे ॲश किंवा चेरीसारखं कठीण लाकूड, तेल किंवा व्हार्निश देऊन. काचेवरही व्हार्निश लागतंच, कारण एपॉक्सी उन्हाने खराब होते.

रेड सीडरचा एक तोटा मात्र थेट बांधणाऱ्याच्या छातीत जातो. त्याच्या भुशातल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे दमा जडू शकतो. लाकूड कारखान्यांतल्या कामगारांमध्ये हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. घासकामाला बसताना तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो.