पार्श्वभूमी : गर्भपाताचा सल्ला फोनवर, आणि अठराखालच्या मुलीचे नाव

गर्भ ठेवावा की नाही, हे कुणाला कळू न देता विचारायला बाईला जागा हवी असते. ही गरज आपल्याकडे फोनच्या कितीतरी आधीची आहे. फुले दांपत्याने गरोदर विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून काढलेले, पुण्यातले 1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह वाचकांना ठाऊकच आहे. त्यानंतरची शंभर वर्षे इथे सोडून देतो. त्या काळात दंड संहितेच्या कलम 312 खाली, आईचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात गुन्हा होता आणि करून घेणारी बाईही गुन्हेगार ठरत होती. उघडपणे सल्ला द्यायला पुढे येणार कोण?

ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा कायदा 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. पण घरात फोन असणे तेव्हा चैन होती, आणि असलाच तर तो बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी. नव्वदच्या दशकात एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली झाले. 1996 मध्ये मुंबईत मुलांसाठी 1098 हा मदतीचा फोन क्रमांक सुरू झाला. अडचण फोनवर सांगता येते हे लोकांच्या अंगवळणी पडू लागले, तरी गर्भपाताबद्दल मोकळेपणी विचारायला स्वतःचा मोबाइल हातात यावा लागला. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला 2002 मध्ये मंजुरी मिळाली आणि प्रश्नही बदलले. कुठल्या दवाखान्यात जाऊ, याच्या जोडीला गोळ्या किती आठवड्यांपर्यंत चालतात, रक्तस्राव किती झाला तर घाबरायचे, हेही आले.

महाराष्ट्रात खरी उलथापालथ 2012 ची. 2001 मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. त्यातच बीड जिल्ह्यातल्या परळीत एका डॉक्टर दांपत्याच्या दवाखान्यातले बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले. गर्भलिंगनिदानावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण तिचा रोख गोळ्यांकडेही वळला. या गोळ्या लिंग कळण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही आठवड्यांत घ्यायच्या असतात, एवढी साधी गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. नसती कटकट नको म्हणून अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडले. कायदेशीर गोष्टच कुजबुजत विचारायची पाळी आली.

त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पोक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. संमतीचे वय सोळावरून अठरावर गेले. कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना द्यायची. न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ‘कोणाही’ म्हणजे फोन उचलणारी समुपदेशकसुद्धा. सतरा वर्षांची मुलगी राजीखुशीच्या संबंधांतून गरोदर राहिली तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती आधीपासून लागत होतीच, आता पोलीसही आले. आपल्यामुळे ‘तो’ आत जाईल, म्हणून मुलगी गप्प बसते आणि आठवडे उलटतात.

फोनवर याचा पेच अगदी व्यावहारिक होतो. वय कधी विचारायचे? आधीच विचारले तर मुलगी फोन ठेवते. शेवटी विचारले तर ती सगळे सांगून बसलेली असते. प्रामाणिक मार्ग एकच दिसतो : तिने काही सांगण्याआधीच, अठराच्या आतले वय आणि नाव कळले तर आम्हाला ते पोलिसांना कळवावे लागेल, असे स्पष्ट सांगणे. त्यानेही काही मुली दुरावणारच, पण निदान फसवणूक होत नाही.

गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक गटांसाठी मुदत 24 आठवडे केली, गर्भनिरोधक साधन फसल्याच्या तरतुदीत ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आणला आणि बाईचे नाव फोडल्यास वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद केली. म्हणजे एक कायदा म्हणतो नाव सांगू नका, दुसरा म्हणतो सांगा. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही 24 आठवड्यांची मुदत दिली. बातम्या त्याच्याच झाल्या. खरे तर त्याच निकालातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता : मुलगी आणि पालक यांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. कळवणे मात्र टळले नाही. शिवाय ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरांना आहे. फोनवरच्या समुपदेशकाचा उल्लेख त्यात नाही.

गर्भ ठेवून मूल दत्तक द्यायचे असेल तर बालकल्याण समितीपुढे जावे लागते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यातली ही तरतूद आजही फारच कमी जणींना माहीत असते. नवऱ्याची सही लागते का, हा प्रश्न मात्र अजून विचारला जातो. अठरा पूर्ण झालेल्या बाईला कायद्याने स्वतःची संमती पुरते, आणि हे 1972 पासून असेच आहे.