नाक आणि घशाचं दुखणं

नाक-घशाचं दुखणं हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. नाकपुडी, नाकाच्या आजूबाजूच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या म्हणजे सायनस, टाळू, पडजीभ, टॉन्सिल, घसा आणि आवाजाची पेटी, यापैकी कुठंही जळजळ, ठणका, टोचणं, गिळताना दुखणं असं काही झालं की ते यात येतं. ही सगळी जागा आतून एकाच ओल्या अस्तराने जोडलेली आहे, म्हणून नाकातलं पाणी मागच्या मागं घशात उतरतं, घशाची सूज नळीतून कानापर्यंत जाते, आणि दुखतंय एकीकडं पण कारण दुसरीकडं असं लै वेळा होतं. त्यामुळं नुसतं "घसा दुखतोय" एवढ्यावरून काहीच ठरत नाही, सोबत ताप आहे का, खोकला आहे का, एकाच बाजूला दुखतंय का आणि किती दिवस झाले, या चार गोष्टींवर निम्मं निदान होऊन जातं.

मराठवाड्यात या दुखण्याचे ठरलेले हंगाम आहेत. पावसाळा सरता सरता आणि थंडीत सर्दी-पडसं घरोघरी फिरतं, सोयाबीनच्या मळणीला धुळीचं सुरू होतं, आणि एप्रिल-मे मधे पारा 40 च्या पुढं गेला की कोरड्या हवेने नाक आतून तडकतं, खपल्या धरतात, लेकरांचा घोळणा फुटतो. उन्हात घोळणा फुटला तर डोकं मागं टाकून झोपवायचं नाही, रक्त घशात जातं आणि उलटी होते, बसवून डोकं थोडं पुढं झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत 10 ते 15 मिनिटं न सोडता धरायचा, तोंडाने श्वास घ्यायला लावायचा.

घसा का दुखतो

सगळ्यात जास्त वेळा व्हायरसमुळं. सर्दीचे व्हायरस, फ्लू, कोरोना, सगळे घसा धरतात. आधी घशात खरखर, मग नाक गळणं, शिंका, खोकला, आवाज बसणं, अंग मोडून येणं असा क्रम असतो आणि बहुतेक जण आठवड्याभरात आपोआप बरे होतात. इथं अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, बास. पण आपल्याकडं काय होतं, मेडिकलवर जाऊन "घशाची गोळी द्या" म्हटलं की तीन गोळ्यांची पट्टी हातात येते, नाहीतर दवाखान्यात पेशंट स्वतःच म्हणतो डॉक्टर सुई मारा म्हणजे लवकर मोकळं होईल, उद्या कामाला जायचंय. रोजंदारीवरच्या माणसाची घाई समजण्यासारखी आहे, एक दिवस बुडाला की पैसा बुडतो, पण त्या गोळीने व्हायरस मरत नाही आणि पुढं खरोखर गरज पडेल तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

खरी गरज कुठं पडते तर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाच्या घशात. हे जास्त करून 5 ते 15 वर्षांच्या लेकरांना होतं. अचानक ताप येतो, गिळताना थुंकीसुद्धा दुखते, टॉन्सिल लालभडक होऊन त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतात, काही लेकरांचं पोट दुखतं, उलटी होते, आणि खोकला-सर्दी मात्र सहसा नसते. हे सुद्धा वरवर चार-पाच दिवसात बरं झाल्यासारखं दिसतं आणि तिथंच फसायला होतं, कारण उपचार झाला नाही तर काही लेकरांना दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक फीवर येतो, म्हणजे आज गुडघा सुजला उद्या घोटा, ताप, आणि त्याच्या मागोमाग हृदयाच्या झडपांना सूज. शरीर बॅक्टेरियाशी लढायला जे अस्त्र तयार करतं तेच चुकून हृदयावर चालतं. झडप कायमची खराब झाली की पुढं दम लागणं, बाळंतपणात जिवाला धोका, ऑपरेशन करून झडप बदलणं, असं सगळं मागं लागतं. घसा धरल्यापासून 9 दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी हे टळतं, आणि तोंडाने घेतलं तर कोर्स 10 दिवसांचा पूर्ण करावा लागतो, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. ज्याला एकदा रुमॅटिक फीवर होऊन गेलाय त्याला दर 21 दिवसाला पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चालू ठेवतात. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातल्या लेकराचं हे इंजेक्शन फडावर गेलं की तुटू शकतं, म्हणून बीड, धाराशिव, जालन्याकडच्या लोकांनी निघायच्या आधी इंजेक्शनच्या नोंदीचं कार्ड सोबत घेऊन तिकडच्या आरोग्य केंद्रात दाखवावं, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

टॉन्सिलच्या बाजूला पू साठला तर दुखणं एका बाजूला जातं, तोंड नीट उघडत नाही, बोलणं तोंडात गरम घास असल्यासारखं येतं, लाळ गळते. हा पू काढावा लागतो, घरी थांबायचं नाही. घटसर्पात टॉन्सिलवर राखाडी-पांढरा चिकट पडदा धरतो, खरवडला तर रक्त येतं, मान बैलासारखी सुजते. लसीमुळं घटसर्प कमी झालाय पण गेलेला नाही. दीड महिना, अडीच महिना आणि साडेतीन महिन्याचे डोस बहुतेक जण घेतात, दीड वर्षाचा आणि 5 वर्षांचा बूस्टर, 10 आणि 16 वर्षांची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) सुई राहून जाते.

मोठ्या माणसात महिनोन्महिने घसा खवखवतोय, सकाळी उठल्यावर जास्त, सारखं खाकरावं लागतं, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं पण जेवण मात्र व्यवस्थित उतरतं, तर बऱ्याचदा पोटातलं आम्ल वर येत असतं. रात्री दहाला तिखट जेवण आणि लगेच अंथरुणावर, हे त्याचं नेहमीचं कारण. छातीत जळजळ नसली तरी हे होऊ शकतं. आवाजावर पोट असणारे कीर्तनकार, मास्तर, भाजीवाले यांचा घसा आवाज ताणून दुखतो, त्यांना खरं औषध आवाजाला विश्रांती. तोंडाने श्वास घेऊन झोपणारे कोरड्या घशाने उठतात.

आणि तंबाखू. चुना-तंबाखू, गुटखा, बिडी, बायकांची मिशेरी, यातलं काही ना काही आपल्याकडं घरोघरी आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे तरी टपरीवर मिळतोच. सुपारीने गाल आतून पांढरे आणि ताठ होतात, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. घरी बघायची साधी पद्धत म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी वरच्या-खालच्या दातांमधे जातात का, दोनच जात असतील तर दाखवायला पाहिजे. घशाचा कॅन्सर सुरुवातीला फार दुखतही नाही. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला, एकाच बाजूला टोचणं, मानेत न दुखणारी गाठ, थुंकीत रक्त, वजन उतरणं, आणि कान तपासला तर चांगला पण कानात कळ येणं, ही त्याची चिन्हं. घसा आणि कान यांना जाणाऱ्या नसा एकच आहेत म्हणून घशातला रोग कानात दुखतो, आणि माणूस महिनाभर कानात थेंब टाकत बसतो.

नाकाचं दुखणं

नाकपुडीच्या आत केसाच्या मुळाशी पुळी येते, गावाकडं तिला माळीण म्हणतात. नाकाचा शेंडा लाल होतो, हात लावू देत नाही इतका ठणका लागतो. केस उपटणं, नाकात बोट घालणं, आणि शुगर असणं ही कारणं. ती फोडायची नाही. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या शिरांना जाऊन मिळतात, दाबली तर पू आणि जंतू त्या वाटेने आत जायची भीती असते. पुळीसोबत ताप, डोळ्याला सूज, डोकं फुटायची पाळी आली तर रात्र काढायची नाही.

सायनसचं दुखणं गालावर, भुवईच्या वर, डोळ्यांच्या मधे, किंवा वरच्या दातात जाणवतं, खाली वाकलं की वाढतं. सोबत नाक चोंदलेलं, घट्ट शेंबूड, वास न येणं. सर्दी 10 दिवस झाली तरी हलत नाही, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून परत ताप आणि दुखणं उलटलं, तर बॅक्टेरियाचा सायनस धरतात. शेंबूड हिरवा-पिवळा झाला एवढ्यावरून मात्र काही सिद्ध होत नाही. 12 आठवड्यांच्या वर चाललं तर तो जुनाट. कधीकधी किडलेल्या वरच्या दाढेतून गालाच्या पोकळीत पू होतो, एकाच नाकपुडीतून घाण वास येतो, तिथं दाताचा डॉक्टर लागतो. एक गोष्ट ठामपणे सांगायची तर "मला सायनस आहे" म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्या बऱ्याच जणांना सायनस नसतोच, अर्धशिशी असते. नाक मोकळं आहे, उजेड सहन होत नाही, मळमळतं, अर्धं डोकं ठणकतं, असं असेल तर त्या दिशेने तपासावं.

धूळ आणि ॲलर्जी हा मराठवाड्यातला मोठा भाग आहे. वावरात मळणी यंत्र चालू असतं, भुसकट उडणाऱ्या बाजूला दोघं-तिघं पेंढ्या टाकत उभे, नाकावर एक पातळ रुमाल, संध्याकाळी शिंकरलं तर काळा शेंबूड आणि घसा सोलल्यासारखा. मानवत-सेलूच्या जिनिंगमधे कापसाची तूस, वसमत-हिंगोलीत हळदीच्या पॉलिशची पूड, लातूरच्या डाळ मिलमधली धूळ, सगळ्याचं तेच. त्यात बांधाबांधाला गाजर गवत. ॲलर्जीत खाज आणि शिंका जास्त असतात, पाणी पातळ वाहतं, ताप नसतो, डोळे चोळावे वाटतात, दुखणं नंतर सूज साठल्यावर येतं. ओला रुमाल काहीच नसण्यापेक्षा बरा, पण नाकाला नीट बसणारा मास्क त्याहून चांगला.

लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतंय म्हणजे आत हरभरा, मणी, खडू काहीतरी घातलंय असं समजून चालावं. खेळण्यातला चपटा बटण सेल असेल तर तो काही तासांत नाकाचा पडदा जाळतो, त्याच दिवशी, त्याच वेळी काढायचा. पीनस झालेल्या (म्हणजे नाक आतून सुकून घाण वासाच्या खपल्या धरणाऱ्या), शुगर वाढलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकात माशी अंडी घालते आणि किडे होतात, नाकात सळसळ, रक्ताचं पाणी, सूज, दुर्गंधी. याची लाज धरून लोक लपवतात, लपवू नये, काढता येतात.

2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, सगळ्यांना कळली. ती आधीही होती आणि आताही आहे, शुगर ताब्यात नसलेल्या माणसाला मुख्यतः. एका बाजूचा गाल दुखणं आणि बधिर होणं, नाकात काळी खपली, टाळू काळा पडणं, वरचे दात हलणं, डोळा सुजणं किंवा एकाचे दोन दिसणं. यात दिवस नाही, तास मोजायचे असतात.

निदान कसं करतात

निदानाचा मोठा भाग बघण्यात आहे. बारक्या लेकराला आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकवून बसवतात, आई एका हाताने त्याचे दोन्ही हात आणि दुसऱ्याने कपाळ धरते, डॉक्टर टॉर्च मारून लाकडी पट्टीने जीभ पुढच्या भागात दाबतो, मागं दाबली तर ओकारी येते. तेवढ्या दोन सेकंदात टॉन्सिलचा आकार, ठिपके, टाळूवरचे लाल बारीक डाग, पडजीभ मधे आहे की एका बाजूला ढकललीय हे बघायचं असतं. मग मानेवरून हात फिरवून गाठी, कानात बघणं, गालावर आणि भुवईवर बोटाने दाबून बघणं. गावात "पडजीभ पडली" म्हणून बोटाला मीठ लावून दाबायची पद्धत आहे, त्याने सुजलेला भाग अजून सुजतो, ते बंद व्हायला पाहिजे.

स्ट्रेप, म्हणजे वर सांगितलेला स्ट्रेप्टोकोकसचा घसा, ओळखायला 1981 साली रॉबर्ट सेंटॉर आणि सहकाऱ्यांनी मांडलेले चार निकष वापरतात: ताप, खोकला नसणं, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पू किंवा सूज. प्रत्येकाला एक गुण. पुढं यात वय घातलं गेलं, 15 च्या आतल्याला एक गुण जास्त, 45 आणि वरच्याला एक कमी. शून्य किंवा एक असेल तर अँटिबायोटिक नको, जास्त असेल तर घशाच्या स्वॅबची, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याची तपासणी. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात, झटपट चाचणी मिनिटांत होते. जिथं दोन्ही नाही तिथं डॉक्टर लक्षणांवरून ठरवतो.

सायनसला सुरुवातीलाच एक्सरे काढायची गरज नसते, त्यातून फारसं कळतही नाही. जुनाट असेल, डोळ्याकडं सरकत असेल किंवा ऑपरेशन ठरत असेल तर सीटी स्कॅन. नाकाच्या आत आणि आवाजाच्या पेटीवर दुर्बिणीने बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम, भूल देत नाहीत, नाक बधिर करायचा स्प्रे पुरतो. बुरशीचा संशय असेल तर नाकातली खपली काढून मायक्रोस्कोपखाली बघतात. न बरी होणारी जखम किंवा गाठ असेल तर तुकडा काढून तपासतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो हा समज चुकीचा आहे आणि या एका भीतीपायी लोक तपासणी लांबणीवर टाकतात. कान-नाक-घशाचा विभाग संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, लातूर आणि नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे, कॅन्सरचं सरकारी रुग्णालयही संभाजीनगरलाच आहे. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा रुमॅटिक हृदयविकारही त्यांच्या यादीत असतो, लेकराचे सांधे सुजून गेले असतील तर त्यांना आवर्जून सांगावं.

एका परिस्थितीत मात्र घरी घसा बघायचाच नाही. लेकराला जोराचा ताप आहे, लाळ गिळता येत नाही, पुढं वाकून हनुवटी वर करून बसलंय आणि श्वासाला घरघर आवाज येतोय, तर श्वासनळीवरचं झाकण सुजलेलं असू शकतं. चमचा घालून जीभ दाबली तर श्वास पूर्ण बंद पडू शकतो. त्याला आडवं न करता, बसलंय तसंच कडेवर घेऊन, रडू न देता, 108 ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यायचं.