पार्श्वभूमी : केट बुशचं ३७ वर्षांनी अव्वल ठरलेलं गाणं

जून २०२२मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आलेलं गाणं १९८५ सालचं होतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वात मॅक्स ही मुलगी ज्या गाण्याच्या आधाराने मृत्यूच्या तावडीतून सुटते, ते ब्रिटिश गायिका-गीतकार केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’. पहिल्यांदा आलं तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. मालिकेमुळे ते नव्या कानांपर्यंत पोचलं, हे खरंच. पण ते आजही जुनं वाटत नाही, याचं श्रेय मालिकेचं नाही. केटने त्याआधीची सात-आठ वर्षं गाण्याची एकेक बाजू रेकॉर्ड कंपनीकडून स्वतःच्या हातात घेतली होती, त्याचं ते फळ आहे.

केटचा जन्म १९५८चा. वडील डॉक्टर, आई आयरिश, मोठे भाऊ लोकसंगीतात रमलेले. लंडनच्या कडेच्या वेलिंगजवळच्या ईस्ट विकम फार्म या जुन्या घरात ती पियानोवर स्वतःची गाणी रचायची. ती गाणी पिंक फ्लॉइड या रॉक बँडमधल्या डेव्हिड गिलमोरच्या कानावर गेली. त्याने पदरचे पैसे घालून नीट डेमो (नमुन्याचं ध्वनिमुद्रण) करून घेतला आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने तिला किशोरवयातच करारबद्ध केलं. कंपनीने अल्बमची घाई केली नाही. तो वेळ केटने लिंडसे केम्प या नर्तकाकडे नृत्य आणि मूकाभिनय शिकण्यात घालवला.

‘वुदरिंग हाइट्स’ हे गाणं तिने मार्च १९७७मध्ये एका पौर्णिमेच्या रात्री लिहिलं. एमिली ब्राँटेच्या त्याच नावाच्या कादंबरीवरच्या बीबीसी मालिकेचा शेवटचा भाग तिने पूर्वी पाहिला होता, तो डोक्यात राहिला होता. कादंबरीतल्या कॅथीचं भूत खिडकीशी येऊन आत घे म्हणतं, आणि केट ते कॅथी होऊनच गाते. कंपनीला पहिलं गाणं म्हणून ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ हवं होतं. केट हटून बसली. पुढे मुखपृष्ठावरचं छायाचित्र पसंत नाही म्हणून तिने प्रकाशनही लांबवायला लावलं. जानेवारी १९७८मध्ये गाणं आलं, मार्चमध्ये पहिलं आलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेली ती पहिली स्त्री. वय १९.

१९७९च्या दौऱ्यात तिला नाचताना गायचं होतं आणि हातात माइक नको होता. मग ध्वनितंत्रज्ञाने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून डोक्यावर बसणारा बिनतारी माइक तयार केला. आज प्रत्येक मोठ्या पॉप कार्यक्रमात दिसणारी ही सोय तिथे जुगाड म्हणून अवतरली. दौऱ्याच्या सुरुवातीलाच प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या बिल डफिल्डचा अपघाती मृत्यू झाला. या दौऱ्यानंतर केटने पुन्हा कधी दौरा केला नाही.

स्टुडिओत मात्र तिने स्वतःला झोकून दिलं. गायक पीटर गेब्रिएलमुळे तिला फेअरलाइट हे यंत्र भेटलं. कुठलाही आवाज त्यात साठवायचा आणि सुरांच्या पट्टीवर वाजवायचा. तिच्या ‘बाबूश्का’ या गाण्यातला काच फुटल्याचा आवाज असाच, काच फोडून यंत्रात घेतलेला. १९८२चा ‘द ड्रीमिंग’ तिने पूर्णपणे स्वतः निर्माण केला. माझ्या मते तो तिचा सर्वांत धाडसी अल्बम आहे, पण त्याचा खप बेताचा झाला आणि कंपनी धास्तावली. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ बघून काम करणं तिला जमेना. तिने घरच्या आवारातच स्टुडिओ बांधला.

‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) हा अल्बम तिथे घडला. ‘रनिंग अप दॅट हिल’मधला तो धावता ताल तिचा बेस-वादक डेल पामरने ड्रम-यंत्रावर बसवला, आणि सुरुवातीची हुरहूर लावणारी धून फेअरलाइटवरची. स्त्री-पुरुषांनी देवाशी सौदा करून जागांची अदलाबदल केली, तर एकमेकांना समजून घेता येईल, असं हे गाणं म्हणतं. म्हणून तिने नाव दिलं होतं ‘अ डील विथ गॉड’. धर्मनिष्ठ देशांतली रेडिओ केंद्रं ‘गॉड’ शब्द असलेलं गाणं लावणार नाहीत, असं तिला सांगण्यात आलं. एरवी न वाकणारी केट इथे वाकली. अल्बमवर मूळ नाव कंसात तेवढं उरलं. हाच अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढचे अल्बम विरळ होत गेले. १९९३नंतर तर थेट २००५. मधल्या काळात मुलगा झाला, आणि त्याचं बालपण तिने प्रसिद्धीपासून दूर ठेवलं. त्याच मुलाच्या आग्रहाने ती २०१४मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये रंगमंचावर परतली. २२ प्रयोग झाले. फोन बाजूला ठेवून कार्यक्रम अनुभवा, अशी विनंती तिने प्रेक्षकांना आधीच केली होती. त्या ऑगस्टमध्ये तिचे आठ अल्बम एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या चाळिसात होते.