गुंठाभर भाजीला किती घरांचा कचरा लागतो?

पावसाळा लागला की आरेतल्या वारली पाड्यांवर घरामागच्या तुकड्यांत काकडी, शिराळी, भेंडी, माठ डोकं वर काढतात. शेती काही गुंठ्यांचीच, राबणारे हातही घरचेच. जवळच गोरेगावातल्या इमारतींमधून भाजीची देठं, फळांच्या साली, उरलंसुरलं अन्न रोज कचऱ्याच्या गाडीत जातं. हा ओला कचरा खत होऊन या वाड्यांवर गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याचं मोठं कारण मुंबईचा पाऊस.

इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. युरिया या रासायनिक खतात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं. मातीत पडल्यावर त्याचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असल्यामुळे ऋण भाराचे मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेट मात्र स्वतःच ऋण भाराचं, ते मातीला धरवत नाही. चार दिवस झड लागली की पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली झिरपतं, नाहीतर वाहून ओढ्याला मिळतं. कंपोस्टमधलं, म्हणजे कुजवलेल्या कचऱ्याच्या खतातलं, बरंचसं नत्र सेंद्रिय रेणूंत बांधलेलं असतं. जिवाणू आणि बुरशी ते रेणू फोडतील तसतसं ते सुटतं, त्यामुळे एका पावसात सगळं हातचं जात नाही.

पण कंपोस्ट लागतं भरपूर. एका गुंठ्यातल्या, म्हणजे साधारण १०० चौरस मीटरमधल्या भाजीला अंदाजे एक किलो नत्र लागतं असं धरू. युरियातून ते सव्वादोन किलोत भागतं. कंपोस्टमध्ये नत्र जेमतेम एक टक्का, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पाव ते तृतीयांशच पिकाला मिळतं. म्हणजे गुंठ्याला तीन-चारशे किलो खत हवं. आता चाळीस घरांची एक इमारत घ्या. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर दिवसाला २० किलो, वर्षाला सात टनांच्या पुढे. कुजून त्याचा पाचवा हिस्सा उरला तरी जवळपास दीड टन खत. एका इमारतीच्या कचऱ्यावर चार गुंठे पिकतात! पुढच्या वर्षी आधीच्या खतातलं नत्रही सुटत राहतं, त्यामुळे गरज थोडी उतरते.

ढीग मात्र नीट लावायला हवा. कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण तीसास एकच्या आसपास असलं की जिवाणू जोमाने कामाला लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त, म्हणून बादलीभर ओल्या कचऱ्याला दोन बादल्या पालापाचोळा. ढीग कमरेएवढा तरी उंच आणि तितकाच रुंद हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. आत लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली आणि हाताला चांगली चटका देणारी लागली, तर ढीग तापलाय. ५५ अंशांवर तीन दिवस राहिला तर तणांचं बरंचसं बी आणि रोगजंतू मरतात. दर वेळी असा तापून झाला की ढीग उलटायचा, म्हणजे कडेचा मालही मधे येतो. मूठभर माल दाबून पाहावा. थेंब-दोन थेंब पाणी आलं तर ओल बरोबर. धार लागली तर आत हवा खेळत नाही, मग कुबट वास सुटतो.

मुंबईत अडचण येते ती जूनमध्ये. ओला कचरा रोजचाच, पण सुकं पान कुठे मिळत नाही. झाडं पानं गाळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि सोसायट्यांच्या आवारात तेव्हाच ती झाडून पेटवली जातात. तीच पानं गोण्यांत भरून जिन्याखाली कोरडी ठेवली तर पावसाळाभर ढिगाला पुरतात.