पेडल-साहाय्याची जुळवणी

विद्युत सायकलच्या स्वाराने पेडल मारल्यावर मोटरने त्याला किती, केव्हा आणि कोणत्या वेगापर्यंत हातभार लावायचा, हे कंट्रोलरमधील, म्हणजे मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणाऱ्या उपकरणातील, मूल्ये बदलून ठरवण्याच्या कामास पेडल-साहाय्याची जुळवणी म्हणतात. हँडलवरच्या बटणांनी बदलता येणाऱ्या पातळ्या हे तिचे केवळ दर्शनी रूप होय.

जुळवणीचे स्वरूप सेन्सरवर अवलंबून असते. टॉर्क सेन्सर पेडलवरील जोर मोजतो. त्यामुळे तेथे पातळी म्हणजे एक गुणोत्तर असते आणि २०० टक्क्यांच्या पातळीवर १०० वॉट लावणाऱ्या स्वाराला मोटरकडून आणखी २०० वॉट मिळतात. १९९३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेली यामाहाची ‘पास’ ही सायकल याच तत्त्वावर चालत असे. याउलट, चुंबक बसवलेल्या चकतीवर चालणाऱ्या साध्या सेन्सरला पेडल फिरत आहे एवढेच कळते, स्वार जोर लावतो आहे की नुसता पाय फिरवतो आहे हे कळत नाही. म्हणून तेथे प्रत्येक पातळीला विद्युतप्रवाहाची मर्यादा नेमून द्यावी लागते. काही स्वस्त कंट्रोलर प्रवाहाऐवजी वेगाचीच मर्यादा घालतात. मग मोटर त्या वेगापर्यंत पूर्ण जोराने ओढते आणि तेथे पोहोचताच हात काढून घेते. अशा सायकलवर पातळ्या बदलून फारसे साधत नाही.

३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असल्यास बॅटरीतून कमाल ५४० वॉट घेतले जातात. त्याचे पाच समान भाग केले, तर पहिल्याच पातळीला १०८ वॉट येतात, म्हणजे सहज पेडल मारणारा माणूस स्वतः लावतो साधारण तितकेच. सपाट रस्त्यावर हे पुष्कळदा जास्त होते. १०, २०, ३५, ६० आणि १०० टक्के अशी खाली दाट व वर विरळ मांडणी अधिक सोयीची ठरते, कारण ५० आणि १०० वॉटमधला फरक पायांना चटकन जाणवतो, ४५० आणि ५०० मधला जवळजवळ नाही.

वरच्या पातळीइतकेच लक्ष आरंभीच्या प्रवाहाकडे आणि पेडल थांबल्यानंतर मोटर बंद होण्यास लागणाऱ्या विलंबाकडे द्यावे लागते, आणि नेमके तेच बहुधा राहून जाते. आरंभीचा प्रवाह मोठा असल्यास पेडलपाशी बसवलेल्या मोटरचा झटका थेट साखळी व गिअरच्या दातांवर येतो. विलंब लांबला तर वळणावर पाय थांबवूनही सायकल पुढे ढकलली जाते. तो फारच कमी केला, तर संथ पेडल मारताना मोटर आचके देते.

चढावर मोठा प्रवाह आणि कमी वेग एकत्र आले की चाकातली मोटर तापते, कारण तिच्या तारांमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. पल्ल्याचे गणित सोपे आहे. ५०० वॉट-तासांची बॅटरी किलोमीटरला १० वॉट-तास खर्चून ५० किलोमीटर जाते, २० खर्चून २५.

कायद्याची चौकट देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघात सायकल म्हणून गणल्या जाणाऱ्या वाहनाच्या मोटरची सातत्याची नामांकित शक्ती, म्हणजे ती सतत देऊ शकेल अशी ठरवलेली शक्ती, २५० वॉटपर्यंत असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबावे लागते. जपानमध्ये ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटरचे बळ स्वाराच्या बळाच्या दुपटीपर्यंत चालते, पुढे ते घटत जाऊन ताशी २४ किलोमीटरला शून्य व्हावे लागते. नामांकित शक्ती म्हणजे क्षणिक कमाल शक्ती नव्हे. त्यामुळे २५० वॉटची मोटर चढावर थोडा वेळ त्याहून अधिक शक्ती देऊ शकते. वेगाची मर्यादा काढून टाकल्यास मात्र ते वाहन सायकलच्या वर्गातून बाहेर पडते.